तलावाच्या पारीवरचे फटाके हलवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की फटाक्यांच्या धुरावर पानेच्या पाने छापून येतात. कोणत्या शहराची हवा किती बिघडली याचे आकडे रोज वाचायला मिळतात. पाण्याचे काय होते, हे मात्र कुणी विचारत नाही. समुद्रकाठच्या देशांत तरी हा विषय निघू लागला आहे. कॅलिफोर्नियातल्या ग्वालाला या किनाऱ्यावरच्या गावात २००७ साली आतषबाजीनंतर जवळच्या बेटावरच्या पाणकावळ्यांनी घरटी सोडली, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या किनारा आयोगाने ती आतषबाजी थांबवली. त्याच राज्यात मॉन्टेरेच्या सागरी अभयारण्यात आतषबाजी करायची तर परवाना काढावा लागतो.

आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत समुद्र नाही. पण मालगुजारी तलाव (मालगुजारांच्या काळातले जुने तलाव) आणि बोड्या म्हणजे लहान तळी हजारोंनी आहेत, आणि फटाक्यांच्या बाबतीत तलावाची अवस्था समुद्रापेक्षा नाजूक आहे. समुद्रात पडलेले लाटांनी पांगते. तलावात पडलेले तिथेच राहते.

आमच्या भागात फटाके लक्ष्मीपूजनाला संपत नाहीत, तिथून सुरू होतात. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई म्हणजे गावजत्रा, रात्री नाटक, मग तुळशीचे लग्न, त्यामागे लग्नसराई, शेवटी एकतीस डिसेंबर. आणि फटाके फुटतात ते नेमके तलावाशी. त्याला कारणही साधे आहे. त्या दिवसांत गावाभोवती जिकडे पाहावे तिकडे बांध्यांत धान उभा असतो किंवा कापून पसरलेला असतो. कोरडी, मोकळी, आगीचा धोका नसलेली जागा म्हणजे तलावाची पार (मातीचा बांध), पारीखालचे मैदान आणि तलावाकाठचे देऊळ. लोक समजूनउमजून पाण्यावर फटाके फोडत नाहीत, जागा तेवढीच असते म्हणून फोडतात. म्हणून आमचे म्हणणे दिवाळी बंद करा असे नाही. जागा बदला, एवढेच आहे. ती का बदलायची, ते थोडे सविस्तर लिहितो.

पावसाळा सरला की सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी जाणे थांबते. भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाच्या शेवटच्या पाण्यासाठी तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे दार, उघडतात आणि मग तेही बंद होते. तिथून पुढच्या पावसाळ्यात तलाव पुन्हा भरून वाहीपर्यंत आत पडलेली वस्तू बाहेर जायला वाट नाही. पाणी मात्र उन्हाने आटत जाते, म्हणजे जे विरघळले आहे ते उन्हाळ्याकडे अधिकच दाट होते.

फटाक्यातली साधी काळी दारू म्हणजे ७५ भाग पोटॅशियम नायट्रेट, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. रंगाच्या आणि आकाशात फुटणाऱ्या मालात याखेरीज पोटॅशियम पर्क्लोरेट असते आणि धातू असतात. लाल रंगाला स्ट्रॉन्शियम, हिरव्याला बेरियम, निळ्याला तांबे, चांदीसारख्या पांढऱ्या उजेडाला ॲल्युमिनियम. यातले तांबे शेवाळाला आणि पाण्यातल्या बारीक किड्यांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असते, आणि माशाची पिल्ले जगतात ती याच खाद्यावर. धातू कुजत नाहीत. ते गाळात बसतात, आणि हाच गाळ आपण उन्हाळ्यात ट्रॉल्या भरभरून वावरात टाकतो.

पर्क्लोरेटचे वागणे वेगळे. ते पाण्यात चटकन विरघळते आणि डोळ्यांना काही दिसत नाही. अंगात गेले की थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. बेडकाच्या पिल्लाला पाय फुटतात आणि मग शेपूट जिरते ते थायरॉइडच्या जोरावर, त्यामुळे हे द्रव्य पुरेशा प्रमाणात असले की त्याची वाढ तिथेच अडकते. माशांच्या वाढीतही ही ग्रंथी महत्त्वाची असते. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या एडा गावी एका लहान तलावाचे पाणी चार जुलैच्या, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, आतषबाजीआधी आणि नंतर तपासले गेले. ते निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी लिटरमागे सरासरी ०.०४३ मायक्रोग्रॅम पर्क्लोरेट होते. आतषबाजीनंतर १४ तासांच्या आत ते २४ पटीपासून १,०२८ पटीपर्यंत वाढले. सर्वांत मोठा आकडा लिटरमागे ४४.२ मायक्रोग्रॅम होता. पूर्वीच्या पातळीवर यायला २० ते ८० दिवस लागले. पर्क्लोरेट खाणारे जिवाणू गाळात असतात आणि ते उबेत जोमाने काम करतात. आपली मंडई थंडीच्या तोंडावर असते, हेही लक्षात घ्यावे.

हाच हिशेब आपल्या पाण्याला लावून पाहा. एक हेक्टरची बोडी आणि सरासरी एक मीटर पाणी म्हणजे एक कोटी लिटर. तिच्यात एक किलो न जळलेले पर्क्लोरेट गेले तर लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम होते, म्हणजे एडाच्या सर्वांत वाईट आकड्याच्या दुपटीहून जास्त. दहा हेक्टरच्या तलावात तेच एक किलो लिटरमागे १० मायक्रोग्रॅमवर येते. त्यामुळे मोठ्या धरणापेक्षा बोडीची काळजी आधी करायला हवी.

न जळलेले हा शब्द इथे कळीचा आहे. नीट फुटलेल्या फटाक्यातले पर्क्लोरेट बहुतांशी जळून साधे क्लोराइड होते. धोका आहे तो फुसक्या मालाचा, अर्धवट जळलेल्या शॉट्सचा आणि दमट दारूचा. आणि नेमके हेच फुसके फटाके आपल्याकडे पाण्यात फेकतात. पोरांनी उचलू नयेत म्हणून तलावात टाकले, असे सांगतात. हेतू चांगला आहे, पण फुटलेल्या फटाक्यापेक्षा पाण्यात टाकलेला न फुटलेला फटाका तलावाला जास्त घातक, कारण त्यातली दारू पूर्ण विरघळते. योग्य रीत अशी: न फुटलेल्याला अर्धा तास हात लावू नये, मग लांब फावड्याने उचलून लोखंडी बादलीत जेमतेम बुडेल इतक्या पाण्यात रात्रभर ठेवावा. सकाळी लगदा पिशवीत बांधून पंचायतीच्या कचऱ्यात द्यावा, जाळू नये. बादलीतले पाणी तलाव, पाट, विहीर आणि हातपंप यांपासून दूर टाकावे.

कचऱ्याचेही तसेच. आकाशात जाणाऱ्या शॉट्सची प्लास्टिकची टोपणे, मातीची बुचे, सुतळी, जाड पुठ्ठा हे सगळे वाऱ्यासोबत पाण्यात येते आणि काठाच्या कमळाच्या पानांत अडकून बसते. फुलबाजीच्या तारा तर अनवाणी पायांत घुसतात. दिवाळीच्याच सुमारास शिंगाड्याची तोड चालते, मासेमारी करणारे ढिवर बांधव छातीभर पाण्यात दिवस दिवस असतात, आणि तळाचे काहीच दिसत नाही. हा कचरा त्याच रात्री झाडला तरच उपयोग. कार्तिकात पहाटे दव इतके पडते की पुठ्ठ्यातली राख आणि दारू सकाळपर्यंत भिजून जमिनीत उतरते. नाटक पाहायला थांबलेली मंडळी असतातच. चार खराटे, दोन घमेली आणि तासभर काम पुरते.

आता आवाजाबद्दल. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आकाशात फुटलेल्या फटाक्याचा आवाज पाण्यात फारसा शिरत नाही. हवेतली ध्वनिलहर पाण्यावर आपटून जवळपास सगळी परत फिरते, हजारातला एखादाच भाग आत जातो. त्यामुळे वरच्या रॉकेटने तलावातले मासे मरतात, असे आम्ही म्हणणार नाही. मासे मरतात ते पाण्यात फुटलेल्या बॉम्बने, त्याकडे पुढे येतो. वरच्या आवाजाने हाल होतात ते पाण्यावर आणि काठावर रात्र काढणाऱ्या पक्ष्यांचे.

कायद्याने फटाक्याच्या आवाजाची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे कायद्यात बसणारा फटाकादेखील सव्वाशे मीटरवर सुमारे ९५ आणि अर्ध्या किलोमीटरवर सुमारे ८३ डेसिबलचा असतो. तलावावर मधे घर नाही, झाड नाही. शिवाय थंडीच्या रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असते, अशा वेळी आवाज वर न जाता खाली वाकतो आणि पाण्यावरून लांबवर जातो. पलीकडच्या गावातले बोलणे पहाटे तलावावरून ऐकू येते ते यामुळेच.

नेदरलँड्समध्ये हवामानाच्या रडारवर नववर्षाच्या मध्यरात्री पक्ष्यांचे थवेच्या थवे उठताना दिसले. फटाक्यांच्या जवळच्या भागात हवेतल्या पक्ष्यांची संख्या इतर रात्रींच्या सरासरी हजार पट भरली, आणि परिणाम दहा किलोमीटरपर्यंत जाणवला. युरोपातल्या रानहंसांच्या अंगावर उपकरणे बसवून पाहिले तेव्हा त्या रात्री ते झोपण्याची जागा सोडून लांब उडाले, सुमारे दोन तास कमी विसावले, आणि पुढचे दिवस जास्त चरत राहिले. आपल्या नवेगावबांध, परसवाडा, झालिया अशा तलावांवर हिवाळ्यात येणारे पट्टकदंब, चक्रवाक, तलवार बदक, शेंडी बदक हे याच जातकुळीचे पाहुणे. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतो. पोचल्यावर त्याला झीज भरून काढायची असते, आणि ती भरून निघते ती निवांत रात्रीच्या बळावर.

सारसाची गोष्ट याहून गंभीर. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत, आणि तोही काही डझनांच्या घरात. त्याची वीण पावसाळ्यात होते. दोन अंडी, ३१ ते ३४ दिवस उबवण, आणि पिल्लू उडायला ८५ ते १०० दिवस. ऑगस्टच्या मध्यात घातलेल्या अंड्यातले पिल्लू सप्टेंबरच्या मध्याला बाहेर येते आणि डिसेंबरच्या मध्याखेरीज उडत नाही. म्हणजे दिवाळी आणि मंडईच्या दिवसांत पिल्लू चालते, पण त्याला उडता येत नाही. आईबाप दचकून उठले तर ते मागे राहते, आणि काठाला कोल्हे आणि मोकाट कुत्री असतातच. मोठ्या सारसालाही अंधारात उडणे धोक्याचे. सहा-आठ किलोचे अंग, उठायला लागणारी धाव, आणि बांध्यांवरून गेलेल्या मोटारपंपांच्या विजेच्या तारा. या तारांना लागून सारस दिवसाउजेडी मेले आहेत. अंधारात घाबरून उठलेल्याला तर त्या चुकवायला वेळच मिळत नाही.

आता पाण्यात फुटणारा फटाका. पाणी उंच उडते म्हणून पोरे सुतळी बॉम्ब वात पेटवून पाण्यात सोडतात, आणि काही जण मासे मारण्यासाठीच तो किंवा त्याहून जबर स्फोटक वापरतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने जातो आणि दाबाची लाट हवेतल्यासारखी चटकन विरत नाही. कटला, रोहू, मृगळ, मरळ अशा माशांच्या पोटात हवेचा फुगा असतो, त्याच्या आधारे ते पाण्यात हव्या त्या खोलीवर राहतात. लाट आली की क्षणार्धात दाब चढतो आणि उतरतो. फुगा दबतो, लगेच फुगतो आणि फाटतो. सोबत मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्या फुटतात. असा मासा चिरून पाहिला तर वरून खवला जागचा हललेला नसतो, आत मात्र पाठीच्या कण्यालगत काळे रक्त साकळलेले असते. फुगा फाटलेले कित्येक मासे तरंगत नाहीत, तळाला जातात. म्हणून बॉम्ब टाकणाऱ्याच्या हाती लागतात त्याहून अधिक मरून सडतात, आणि ते सडताना पाण्यातला प्राणवायू खातात.

लहान मासा मोठ्यापेक्षा लवकर मरतो. मत्स्य सहकारी संस्थांनी पावसाळ्यात सोडलेली बोटुकली (माशांची बोटभर पिल्ले) दिवाळीला अजून लहानच असते. कर्ज काढून घेतलेले बीज त्यात जाते, आणि त्याखेरीज दाडक, शिंगूर असे आपल्या तलावांचे मूळचे मासेही जातात, जे बाजारात बीज म्हणून विकत मिळत नाहीत. स्फोटकाने मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. तक्रार करायला संस्थेने घाबरू नये. मेलेले दोन-चार मासे बर्फात ठेवून तारीख, वेळ आणि जागा लिहून पोलीस ठाण्यात आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्यावेत. मासा सडला की आतली खूण जाते, म्हणून बर्फ.

हरित फटाके घेतले की काम झाले, असे अनेक जण समजतात. हे फटाके आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केले, याचा अभिमान वाटतो. पण त्यांचा उद्देश हवेतली धूळ आणि धूर सुमारे ३० टक्के कमी करणे हा आहे. त्यांत बेरियम नाही हे पाण्याच्याही फायद्याचे, पण नायट्रेट, ॲल्युमिनियम आणि आवाज राहतोच. हरित फटाकाही पारीवर फोडू नये.

कायदा बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळीला रात्री ८ ते १० हीच वेळ ठरवली, जोडलेल्या लडींवर आणि बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली, लग्नसमारंभांनाही हरित फटाक्यांचे बंधन घातले, आणि सामूहिक फटाक्यांसाठी वेगळी जागा ठरवण्याचाही विचार मांडला. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके चालत नाहीत. मंडईत नाटकाचा पडदा उघडताना मध्यरात्री होणारी आतषबाजी या नियमात बसत नाही, हे आयोजकांना कुणी सांगतच नाही.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, उतार. तलावाच्या येव्याच्या बाजूला, म्हणजे जिकडून पावसाचे पाणी आत येते तिकडे, फटाके मुळीच नकोत. तिथली राख पहिल्या पावसात थेट तलावात येते. दुसरी, वारा. वारा पाण्याकडून गावाकडे असावा. मूठभर कोंडा उडवून पाहिला तरी कळते. तिसरी, आड. मधे घरे किंवा आमराई असेल तर आवाज बराच अडतो. बहुतेक गावांत शाळेचे किंवा बाजाराचे पटांगण या तिन्ही गोष्टींत बसते, फक्त जवळची तणस (धानाचा पेंढा) आणि पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) आधी हलवावीत. अंतर किमान एक किलोमीटर मिळाले तर उत्तम. तेवढे नसेल तर आकाशातले शॉट्स आणि सुतळी बॉम्ब टाळून अनार, भुईचक्र आणि फुलबाजीवर भागवावे. ज्या तलावावर सारस मुक्कामाला आहेत तिथे मात्र जुलैपासून डिसेंबरअखेर एक किलोमीटरच्या आत काहीच नको. कोणत्या तलावावर जोडी आहे हे वनरक्षकाला आणि गावातल्या सारसमित्रांना ठाऊक असते, त्यांना विचारावे. तलावाकाठच्या तारांना पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावायचे काम महावितरणने याच महिन्यांच्या आधी करावे.

रानडुकरांपासून धान वाचवायला रात्री बॉम्ब फोडणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही दोष देत नाही. एका रात्रीत बांधी उद्ध्वस्त होते, आणि भरपाईचे कागद करता करता हंगाम जातो. त्याला एवढेच सांगणे आहे की डुक्कर जंगलाच्या बाजूने येते, तलावातून नाही. फटाका त्या बाजूच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, फोडावा आणि शक्य तिथे वनविभागाच्या योजनेतून सौर कुंपण मागावे. ते वेळेवर मिळवून देणे हे अधिकाऱ्यांचे काम आहे.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा असते आणि दिवाळी त्यानंतरच येते. तलाव असलेल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने त्या सभेत जैवविविधता व्यवस्थापन समिती, मत्स्य सहकारी संस्था आणि मंडईचे आयोजक यांना समोर बसवून ठराव घ्यावा. मजकूर फार लांब नको: "गावच्या तलावाच्या व बोडीच्या पारीवर, पात्रात व येव्यात फटाके फोडण्यास आणि फुटलेले वा न फुटलेले फटाके पाण्यात टाकण्यास मनाई राहील. फटाक्यांसाठी अमुक पटांगण ठरवण्यात येत आहे. मंडई व लग्नाच्या परवानगीत ही अट राहील, आणि त्याच रात्री सफाईची जबाबदारी परवानगी घेणाऱ्याची राहील." ठरावाची एक प्रत पोलीस ठाण्याला, एक वनपरिक्षेत्र कार्यालयाला आणि एक जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाला द्यावी. मासेमारीचा ठेका देताना हीच अट करारात लिहिली, तर ती पुढची वर्षे टिकते.

आपले,
तलाव, मासे आणि पाणपक्ष्यांचे काही अभ्यासक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया